कोरं बटण

सहदेवने पॅनेलवरचं नाव नसलेलं कोरं बटण दाबलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या मॉनिटरवरचं चित्र एकदम उडालं, थोडं थरथरलं आणि बसलं. काळंपांढरं चित्र. लोखंडी गेट, वॉचमनचं स्टूल, रस्त्यापलीकडची पानाची टपरी, आणि गेटच्या आत कायम उभा असणारा स्टुडिओचा मेटॅडोर. "बघितलंत?" सहदेव म्हणाला. "हेच ते भूत. मॅडम, कृपा करा नि एवढं काढा. परवा रेकॉर्डिंग चालू, माझं कोपर लागलं, तिकडे हिरॉइन रडतेय आणि इकडे वॉचमन पाठ खाजवतोय. डिरेक्टर हसायला लागला ना, वाट लागली माझी." सहदेव इथला नवा ऑपरेटर. चारकोपचा. बोलायला लागला की थांबत नाही. एरवी मीही हसले असते, पण माझं लक्ष त्या मेटॅडोरच्या आरशाकडे गेलं होतं आणि कानशिलं गरम झाली होती. त्या आरशात बघून मी केस नीट करायचे. दर वेळी, वर येण्याआधी. रिक्षातून उतरायचं, आरशापुढे उभं राहायचं, पिन काढून दातांत धरायची, केस पुन्हा बांधायचे, रुमालाने गळा पुसायचा, ओठ एकदा आत ओढून सोडायचे. कुणी बघत नाही अशा खात्रीने बाई जे जे करते ते सगळं. आणि हे बटण बळवंतने लावलेलं होतं, कारण सहदेवच्या आधी या खुर्चीत तोच बसायचा आणि कोरी बटणं कशी भरायची ते मीच त्याला शिकवलं होतं. म्हणजे तो बघत होता! अगं बाई गं. सहदेव चहा सांगायला बाहेर गेला आणि मी त्या गेटकडे बघत बसले.

मी काय काम करते ते आईला अजून धड सांगता येत नाही. भांडुपला आमच्या चाळीत ती शेजारणींना सांगते, वसू बटणं लावता. त्यांना वाटतं मी शर्टांच्या कारखान्यात आहे. तशी ती खोटंही बोलत नाही. मरोळच्या आमच्या कंपनीत टीव्ही स्टुडिओंसाठी एक पेटी बनते. पेटीत एका बाजूने तारा येतात, कॅमेऱ्यांच्या, टेपच्या मशिनांच्या. दुसऱ्या बाजूने तारा जातात, मॉनिटरांना, रेकॉर्डिंगला. कुठून आलेलं चित्र कुठे पाठवायचं ते टेबलावरच्या बटणांच्या पॅनेलवरून ठरतं. पेटी सगळ्यांना सारखी. पॅनेल ज्याचं त्याचं. कुठल्या बटणाने काय व्हायचं ते मी ठरवते आणि पॅनेलच्या मेमरीत भरते. आमच्या इंजिनियर लोकांना वाटतं, बटणं ओळीने लावावीत, एक दोन तीन चार, घ्या नि घरी जा. मी तसं करत नाही. मी ऑपरेटरला पुठ्ठ्याचं पॅनेल देते. त्यावर बटणांच्या नुसत्या टोप्या चिकटवलेल्या असतात, एकावरही नाव नाही. मग त्याच्या शेजारी बसून खोटा कार्यक्रम बोलायचा. कॅमेरा दोन. टेप एक. परत दोन. पाहुणा उठला, कॅमेरा तीन. अरे, लाईट गेला, टेप एक, लवकर! तो पुठ्ठ्यावर बोट मारत जातो, विचार न करता, हात जाईल तिथे. थोड्या वेळाने मला कळतं की या माणसाचा कॅमेरा दोन कुठे राहतो. बटण तिथेच द्यायचं. तोंड काहीही सांगू दे, हात खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असते. आमचे साहेब त्याला वसुधाचं कीर्तन म्हणतात, पण कटकटीचा ऑपरेटर असला की मलाच पाठवतात.

बळवंत कटकटीचाच होता. पहिल्या दिवशी पुठ्ठा बघून म्हणाला, "मी काय पोपट हाय का, तुम्ही बोलाल तशा टोच्या मारायला?" मी म्हटलं, पोपट बरा, निदान एकदा सांगितलेलं ऐकतो. त्यावर तो जो हसला! वेसाव्याचा कोळी, उन्हात रापलेला, एसीच्या त्या थंडगार खोलीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसायचा आणि आम्ही बाकीचे स्वेटर घालून. सगळे ऑपरेटर पहिल्या बोटाने बटण दाबतात. हा अंगठ्याने दाबायचा. चार बोटं पॅनेलच्या खालच्या कडेला अडकवून ठेवायची आणि वरून अंगठा फिरवायचा. मी विचारलं तर म्हणाला, दोर असाच धरतात, लहानपणापासून हात असाच बसलाय, आता टीव्हीसाठी नवा कुठून आणू? मग मी त्याची रोजची बटणं सगळ्यात खालच्या ओळीत आणली, अंगठा जिथवर पोचतो तिथवर पसरून, मधली जागा मोकळी. साहेब म्हणाले, हे काय, म्हातारीचं तोंड दिसतंय. दिसू दे. खरं पॅनेल बसलं, पहिलं रेकॉर्डिंग झालं, आणि त्या सबंध रेकॉर्डिंगमध्ये बळवंतने एकदाही हाताकडे बघितलं नाही. संपल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "वसुधा, हे माझं हाय." तोवर तो मला मॅडम म्हणत होता. पवईवरून जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि तेवढं एक वाक्य घेऊन भांडुपपर्यंत गेले. उतरायचा स्टॉप पुढे गेला आणि उलट चालत आले, तरी राग आला नाही.

मग मला तिथे जायला कारणं सुचायला लागली. एखादी टोपी सैल आहे का बघते. दिव्याचा उजेड जास्त होतोय का बघते. नवा व्हीटीआर, टेपचं मशीन, येणार म्हणता, मग आत्ताच जागा करून ठेवू. आमच्या ऑफिसात कुणी काही बोललं नाही, कारण बिल निघत होतं. बळवंतही काही बोलला नाही. मी आले की तो दुसऱ्या खुर्चीवरचे आपले पाय काढून घ्यायचा, तिच्यावर वर्तमानपत्र झटकायचा, बस म्हणायचा, आणि काम चालू राहायचं. कधी रेकॉर्डिंग अडकलं तर आम्ही पुन्हा खोटा कार्यक्रम खेळायचो. आता तो बोलायचा आणि मी बटणं दाबायचे. त्याचे कार्यक्रम भलतेच असायचे. "कॅमेरा एक, होडीवर म्हातारा. कॅमेरा दोन, म्हातारी बंदरावर शिव्या देतेय. दोनवरच ठेव गं, एवढ्यात संपायची नाय." मी हसून हसून चुकीची बटणं दाबायचे. त्या पॅनेलमध्ये तीन बटणं मी मुद्दाम मोकळी ठेवली होती, टोपीखाली नावाची चिठ्ठी नाही. कोरी बटणं. स्टोअरचं बटण दाबून ठेवायचं, मनासारखी जोडणी लावायची, कोरं बटण दाबायचं, की ती त्या बटणात बसते. माझी गरज नाही. त्याला ते शिकवताना मी म्हणाले होते, हे तुझं तू भर, मला विचारायचं नाही, मला सांगायचंही नाही. तेव्हा मला काय सुचवायचं होतं कुणास ठाऊक. काहीतरी होतं खरं.

गेटवरचा कॅमेरा म्हणजे मालकांची हौस. चंद्रप्रकाशजींना सिंगापूरहून आणलेला जुना काळापांढरा कॅमेरा कुठेतरी लावायचाच होता, तो गेटवर बसला आणि त्याची तार पेटीत शेवटच्या जागी येऊन पडली. वॉचमनलाही त्याचं काही पडलेलं नव्हतं. पॅनेलवर त्याला बटण द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. कोण बघणार गेट? आणि इथे हा माणूस, शिफ्टभर, डोक्यावर डिरेक्टर ओरडत असताना, मधेच अंगठा खाली नेऊन गेट बघत होता. मी तिथे बसल्या बसल्या ते पुन्हा दाबलं. कोरी टोपी खालच्या ओळीत डावीकडे टोकाला होती, अंगठा आपण होऊन पडेल अशा जागी. बळवंतच्या हाताची सगळ्यात सोपी जागा. तिथे माणूस रोजचंच काहीतरी ठेवतो, नेहमी लागणारं. तीन कोऱ्या बटणांमधलं नेमकं हेच त्याने घेतलं होतं. बाकीची दोन मी तपासली, रिकामी. मला त्या बंद खोलीत, सहदेवचा स्वेटर खुर्चीला लटकत असताना, रडू येईल असं वाटलं. आनंदाने की कशाने, ते मला सांगता यायचं नाही. तो केव्हाच गेला होता. श्रावणात त्याचे वडील, महादू, होडीवरून उतरताना पडले, गुडघा गेला, आणि नारळी पौर्णिमेला होडी सोडायला घरात दुसरं माणूस नव्हतं. बळवंतने इथली नोकरी सोडली. त्याला आता वर्ष उलटून गेलं, मधे बदलीची माणसं येऊन गेली, सहदेव कायमचा लागला तो आत्ता. मे महिन्यात त्याचं लग्न झालं, स्टुडिओतले सगळे जाऊन नाचून आले, मी ताप आला म्हणून सांगितलं. ताप आला नव्हता.

आणि हे सगळं आजच व्हायला हवं होतं! आज संध्याकाळी शुभाताई यायच्या होत्या. मुलुंडच्या नंदकुमारांची थोरली बहीण. नंदकुमार बँकेत, चाळिशीला आलेले, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. दोनदा भेटलो आम्ही. चांगला माणूस हो, उगीच कशाला नावं ठेवू? मी काय काम करते ते त्यांनी नीट विचारलं, पुन्हा विचारलं, आणि शेवटी म्हणाले, म्हणजे तुम्ही माणूस बघून बटण लावता, छान आहे की. नोकरी सोडायला सांगणार नाही म्हणाले. चौतीस वर्षांच्या मुलीला याहून काय पाहिजे, असं आईने तोंडाने म्हटलं नाही, पण गेले आठ दिवस ती माझ्या ताटात जास्तीचा भात वाढत होती. बाबा गिरणीत होते, संपानंतर घरी बसले आणि फार दिवस राहिले नाहीत. तेव्हापासून घर माझ्यावर आहे. मला एकदा कुठे लग्न करून दिलं की आईच्या डोक्यावरचा भार उतरणार, हे मला दिसत होतं. सकाळी वेणी घालताना मी ठरवलं होतं, हो म्हणायचं. अगदी शांतपणे ठरवलं होतं. साखर संपलीय, आणायला हवी, तसं. आणि आता समोर हे गेट. बळवंतकडून मला काही घ्यायचं नव्हतं, त्याचा संसार होता, तो त्याला लखलाभ. मला एवढंच कळायला हवं होतं की तेव्हा त्याच्याकडूनही होतं का. असेल तर मी ते कुठेतरी आत ठेवून मुलुंडला सुखाने गेले असते. एकदा कुणीतरी माझी वाट बघितली होती, एवढ्यावर बाई जन्म काढू शकते. नसेल तर? नसेलचा विचार मी केलाच नाही. हाताने सांगितलं होतं ना.

सहदेव चहा घेऊन आला. "काढलंत ना? आणि माझी बटणं ओळीने लावा हां, एक दोन तीन चार. हे सगळे म्हणतात ते म्हातारीचं तोंड मला नको." मी म्हटलं, उद्या येऊन सगळंच बदलते, आज मेमरी नीट उतरत नाहीये. धडधडीत थाप. मेमरीला काय धाड भरली होती? गेटवर आले आणि मेटॅडोरच्या आरशापुढून जाताना मान वर करायचा धीर झाला नाही, वर कॅमेरा. मग वाटलं, आता कोण बघतंय? रिक्षा केली आणि वेसाव्याला सांगितलं.

आधी मी तिथे कधी गेले नव्हते. सात बंगल्याच्या पुढे रस्ता अरुंद होत गेला, रिक्षावाला म्हणाला आत येणार नाही, आणि मी उतरून वास येईल त्या दिशेने चालायला लागले. दिवाळी नुकतीच झाली होती, दारांवर कंदील अजून लटकत होते. बंदराच्या अंगाला बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, ओळीच्या ओळी, आणि त्यांच्याखालून वाकून मला जावं लागलं. साडीला वास लागणार, आई विचारणार, असं डोक्यात एका बाजूला चालू होतं. दुसऱ्या बाजूला मी वाक्य तयार करत होते. बळवंत, ते कोरं बटण. नको. बळवंत, पॅनेल बदलायचंय, तर तुला विचारावं म्हटलं. हे बरं. एका बाईला महादूंचं घर विचारलं, तर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, टोपली डोक्यावर तशीच ठेवून हात लांब केला आणि म्हणाली, तो काय जाळं घेऊन बसलाय. खरंच समोरच बसला होता. ओट्यावर, पाय पसरून, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवून, हातात सुई. आणखी काळा झाला होता. मला बघून क्षणभर ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा असा काही हसला की माझी तयार केलेली वाक्यं होत्याची नव्हती झाली.

"अगं, तू? इथे? जया, ए जया, बघ कोण आलंय! ही वसुधा, मी सांगतो ना, पोपट बनवायची ती." आतून जया आली. बारीक अंगाची, ठसठशीत कुंकू, हात ओले. "बसा ना ताई. हे लई सांगतात तुमचं. पॅनेल होतं तर तसं, म्हणतात, होडीला पण असलं पॅनेल पाहिजे." ती हसली आणि चहा टाकायला आत गेली. माझ्याबद्दल घरात बोलणं होतं, हे ऐकून मला लगेच पुन्हा बळ आलं. काय हे आपलं मन! मी ओट्याच्या कडेला बसले. स्टुडिओचं विचारून झालं, महादूंच्या गुडघ्याचं विचारून झालं. मग मी म्हटलं, "ते कोरं बटण तू गेटच्या कॅमेऱ्याला लावलं होतंस ना?"

"आयला, ते अजून हाय?" बळवंत मोठ्याने हसला. "कुणाला सापडलं? मालकाला नाय ना?"

"सहदेवला. नवा ऑपरेटर."

"त्याला सांग, काढू नको. लाख मोलाचं बटण हाय ते. अगं, मालकाची गाडी गेटमधी आली की दिसायची ना. दोन मिनिटं मिळायची. तेवढ्यात बिड्या विझवायच्या, झोपलेल्याला उठवायचं, पाय खाली घ्यायचे, सगळे साळसूद. चंद्रप्रकाशजी वर येऊन म्हणायचे, बळवंत की शिफ्ट में डिसिप्लिन है. डिसिप्लिन!" त्याने मांडीवर थाप मारली. जाळ्याची सुई खाली पडली, ती त्याने न बघता उचलली.

मीही हसले. हसू आलंच हो, खरंच. त्या शिस्तीचं कौतुक चंद्रप्रकाशजींनी आमच्या साहेबांकडेही केलं होतं. हसता हसता मी विचारलं, "मी दिसायचे का रे त्याच्यात?"

"दिसायचीस की. सगळेच दिसायचे. पोस्टमन, पाववाला." त्याने सुई जाळ्यात घातली, ओढली, गाठ मारली. मग त्याच्या लक्षात आलं असावं की मी हसायची थांबले आहे. तो काही मूर्ख नव्हता, कधीच नव्हता. आत स्टोव्हचा आवाज चालू होता. आता उठून जाता आलं असतं. चहा घ्यायचा, कालवणाचं बोलायचं, जायचं. पण इतक्या लांब, बोंबलांखालून वाकत, मी आले होते, आणि सात वाजता शुभाताई यायच्या होत्या, आणि मला आयुष्यात एकदा तरी तोंडाने बोलायचं होतं, कुणाच्या हाताकडे बघत न बसता.

"बळवंत," मी म्हटलं, "मला वाटलं ते माझ्यासाठी होतं. मी यायचे ते बघायला. मला तू फार आवडायचास. तुझं लग्न झालंय, मला काही नको, फक्त विचारायला आले."

त्याचे हात थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बोंबलांच्या ओळींकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे, एवढा काळा माणूस, तरी दिसले. मग तो हळू म्हणाला, "माझ्या मनात तसं कधी आलं नाय गं." आणि थोड्या वेळाने, "आलं असतं तर बरं झालं असतं काय, नाय सांगता येत. पण नाय आलं. तुला खोटं कशाला सांगू?" मी म्हटलं, नको सांगू. तो म्हणाला, "तू यायचीस तेव्हा बरं वाटायचं. तेवढं खरं हाय." जया चहा घेऊन आली आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. तिने मला रिकाम्या हाती जाऊ दिलं नाही, ओले बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, पिशवीत घातले, पुन्हा या म्हणाली. मनापासून म्हणाली. बळवंत मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आला आणि रिक्षा मिळेपर्यंत उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

रिक्षात बसल्यावर मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. लाजही फारशी वाटेना. हाताने मला खोटं सांगितलं नव्हतं. रोजचं काहीतरी त्या जागी आहे, एवढंच हात बोलला होता, आणि ते खरंच होतं. रोज कोण यायचं, मालक. बाकीचं मी घातलं होतं. अंधेरीहून बस पकडली, खिडकीची जागा मिळाली, आणि पवईच्या तलावावर ऊन उतरताना मी तेच करू लागले जे त्या दिवसांत करायचे. आज तो काय म्हणाला, कसं म्हणाला, मग मी काय म्हटलं. बरं वाटायचं, तेवढं खरं हाय. सवयच ती, जाणार कशी? पण या खेपेला एक गोष्ट मला दिसली आणि मी सरळ बसले. वर्तमानपत्र झटकून दिलेली खुर्ची, होडीवरच्या म्हाताऱ्याचे कार्यक्रम, रिक्षातून उतरल्यावर पायांना सुटणारी घाई, आरशापुढे दातांत धरलेल्या पिनेची लोखंडी चव. यातलं काय गेलं? काहीच गेलं नव्हतं. त्याच्या बाजूला ते नव्हतं, तर माझ्या बाजूला ते खोटं होत नव्हतं. स्टुडिओचा तो जिना मी चढले होते. इतकं कुणीतरी हवंसं मला वाटलं होतं, मला, वसुधाला, जिच्याबद्दल सगळ्यांना वाटतं की ही कामाची आहे, हिला त्यातलं काही नाही. आणि मग नंदकुमारांचा चेहरा समोर आला. चष्मा पुसत, बटणांचं समजून घेणारा भला चेहरा. त्यांच्यासाठी मी कधी स्टॉप विसरणार नव्हते. सकाळी हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण सकाळी त्याने काही अडत नव्हतं. भांडुप येईपर्यंत मला ते अडायला लागलं होतं.

घरी आले तर आईने घर आवरलेलं, चांगल्या कपबश्या काढलेल्या, स्वतः इस्त्रीचं पातळ नेसलेली. बोंबील बघून ती क्षणभर सगळं विसरली. "खय गावले? काय ताजे आसत गो!" मी म्हटलं, वेसाव्याला गेले होते, ऑफिसच्या कामाला. ती लगेच विळी घेऊन खाली बसली, आणि साफ करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शुभा येतली आता. काय सांगूया?"

"नाही सांगायचं, आई."

विळीचा आवाज थांबला. "त्येच्यात काय वाईट आसा?"

"काहीच नाही. फार चांगले आहेत ते."

"मगे? दुसरो कोण आसा काय तुझ्या मनात?"

"होता. त्याच्या मनात मी नव्हते. आज विचारून आले."

आईने तोंडावर हात नेला, हाताला मासळीचा चिकटा होता म्हणून तसाच खाली घेतला. मला वाटलं आता बोलेल, आता बाबांचं काढेल, लोकांचं काढेल, मी गेल्यावर तुझं काय म्हणून रडेल. मी तयार होते. तिने विचारलं, "मगे आता काय हरकत? तो नाय तर हो."

"तसं नाही होत गं. तो कुणी असू दे, मला कसं वाटायचं ते मला माहीत आहे. त्याच्याकडे जायचं असलं की सकाळपासून हात धड चालायचे नाहीत माझे. जेवण जायचं नाही. नंदकुमारांकडे मी ऑफिसला जाते तशी जाईन. त्यांची एक बायको गेलीय, त्यांना निदान खरी दुसरी मिळू दे." माझा आवाज चढला होता, शेजारी जाईल म्हणून मी खाली घेतला. "मला एकटीने राहायची भीती वाटते, आई. फार वाटते. पण तरी नाही सांग."

तिने एक बोंबील उचलला, पाण्यात बुडवला, बाजूला ठेवला. नंतर अगदी हळू, चौकशी करावी तशी, म्हणाली, "इतक्या वाटत होता तुका?"

"हो."

"जेवाण जाय नाय इतक्या?"

"हो गं."

तिने मान वर केली. मी आजवर तिच्या तोंडावर राग बघितला, काळजी बघितली, बाबा गेले तेव्हाचं बघितलं. हे मला नवीन होतं. शाळेबाहेर उभी राहून आत बघणाऱ्या मुलीचा असावा तसा चेहरा झाला होता तिचा. "माका कधी कोणासाठी तसा वाटूक नाय," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीसाठी पण नाय. कसा असता ता, माका आज तू सांगतंस तेव्हा कळता."

दारावरची कडी वाजली. बाहेरून शुभाताईंचा आवाज आला, आहात का घरात? मी उठायला लागले तर आईने ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मला खाली दाबलं. पदराला हात पुसत ती स्वतः उठली.

"तू बस," ती म्हणाली. "मी सांगतंय."